पंक्तिप्रपंच

वर्गात शिकविताना 'पंक्तिप्रपंच' हा शब्द आला, की आताशा मला थांबावे लागते. मुलांनी पंगतच फारशी पाहिलेली नाही. एकाच्या पानात तुपाची धार आणि शेजारच्याच्या पानात कोरडा भात, एवढे सांगितले की ती माना डोलावतात. पण शब्दातला डंख काही त्यांना लागत नाही. म्हणून मी त्यांना फुटबॉलच्या एका संघाची गोष्ट सांगतो. गोष्ट अमेरिकेतली आहे, आणि खरी आहे.

हा फुटबॉल आपला पायाने खेळायचा नव्हे, बरे का! लंबगोल चेंडू छातीशी कवटाळून धावायचे आणि समोरच्या अकरा जणांनी धावणाऱ्याला आडवा पाडायचा, असा तो दांडगा खेळ. तिकडे कॉलेजांच्या सामन्यांनाही हजारोंनी माणसे लोटतात. हंगाम संपला, की नववर्षाच्या सुमारास 'बाउल' नावाचे मानाचे सामने होतात. तिथे यजमानांचे आमंत्रण आले तरच जायचे. मान तर मिळतोच, शिवाय उत्पन्नातला वाटाही मिळतो.

1951 साली सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा संघ असाच आमंत्रणाची वाट पाहत होता. जेसुइट पाद्र्यांचे हे लहानसे विद्यापीठ; फुटबॉलचा खर्च त्याला डोईजड झालेला. पण जो कुहारिक या शिक्षकाच्या हाताखालच्या पोरांनी त्या वर्षी कमाल केली. नऊ सामने खेळले, नऊही जिंकले! पॅसिफिक कॉलेजचा त्यांनी 47-14 असा फडशा पाडला आणि 24 नोव्हेंबरला लोयोला विद्यापीठाला 20-2 असे हरवून हंगाम पुरा केला. ऑली मॅट्सन या गड्याने एकट्याने 1,566 यार्ड चेंडू पळविला. त्या साली देशातल्या कुठल्याही कॉलेजात त्याच्याएवढी मजल कोणी मारली नाही. बचावात बर्ल टोलर हा तसाच खंबीर गडी.

हे दोघे काळे होते.

दक्षिणेकडच्या शहरांत तेव्हा काळ्या-गोऱ्यांची शिवाशिव कायद्यानेच पाळली जाई, आणि मोठे बाउल सामने बहुतेक तिकडेच होत. सॅन फ्रान्सिस्कोला आमंत्रण आले नाही. संघाचे प्रतिस्पर्धीच दुबळे होते, असेही कारण तेव्हा पुढे करण्यात आले. पण संघातले खेळाडू पुढे आयुष्यभर सांगत आले ते वेगळेच : या दोघांना घरी ठेवत असाल तर बोलावू, असा निरोप होता. उत्तरेकडच्या काही कॉलेजांनी पूर्वी असे केलेही होते. तेव्हा मान तुकविली असती, तरी फारसे कोणी नावे ठेवली नसती. शिवाय पैशाची नड होतीच. पण पोरांनी साफ नकार दिला. मते घेण्याचीसुद्धा गरज पडली नाही, असे ते सांगत. दुसरे महायुद्ध लढून आलेला जीनो मार्केटी त्यांच्यात होता, पुढे नामांकित झालेला धिप्पाड बॉब सेंट क्लेअरही होता. पानावर बसू तर सगळे बसू, नाहीतर कोणीच नाही!

किंमत लगेच मोजावी लागली. तोटा सोसवेना म्हणून विद्यापीठाने हंगामानंतर हा संघच बंद केला.

इथे एखादा मुलगा हटकून विचारतो, "सर, मग त्यांना मिळाले काय?"

मी सांगतो, की मॅट्सनने 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये चारशे मीटर धावण्यात कांस्यपदक मिळविले. आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले, ते याच ऑलिंपिकमध्ये. मॅट्सन, मार्केटी आणि सेंट क्लेअर हे तिघेही व्यावसायिक फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात जाऊन बसले. टोलरचा गुडघा 1952 मध्येच जायबंदी झाला आणि त्याचे खेळणे संपले. तो शाळेत शिकवू लागला, पुढे मुख्याध्यापक झाला; आणि 1965 मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमधला पहिला काळा पंच म्हणून शिटी घेऊन मैदानात उतरला. तेव्हा त्या लीगची सूत्रे पीट रोझेल यांच्या हाती होती. 1951 साली याच संघाच्या बातम्या वर्तमानपत्रांना पुरविणारे गृहस्थ ते हेच! 2006 मध्ये विद्यापीठाने संघातल्या हयात मंडळींना सन्माननीय डॉक्टरेट दिली आणि 2017 मध्ये एका वसतिगृहाला टोलरचे नाव दिले.

"पण तो बाउलचा सामना?" मुलगा हट्ट सोडत नाही.

तो सामना त्यांना कधीच मिळाला नाही. एवढे सांगितले, की वर्ग गप्प होतो. मग मी फळ्याकडे वळतो आणि पुढचा शब्द घेतो. 'पंक्तिप्रपंच'चा अर्थ त्या दिवशी पुन्हा सांगावा लागत नाही.