घरमालकाचा होकार

धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीवरून सोलापूर-धुळे महामार्ग जातो आणि लातूर-कुर्डुवाडी रेल्वेही. अशा वाटेवरच्या गावांत अधूनमधून एखादा अनोळखी माणूस येऊन थांबतो. केसांच्या जटा, भर उन्हात अंगावर तीन सदरे, तोंडाने सारखं पुटपुटणं. हॉटेलवाला त्याला चहा देतो, एखादी बाई भाकरीवर चटणी ठेवून देते. भाकरी देणारे हात आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्याला खोली भाड्याने देणारा मात्र सापडत नाही. चेन्नईच्या ‘द बॅनियन’ या संस्थेचा ‘होम अगेन’ उपक्रम अशी खोली देणाऱ्या घरमालकांच्या होकारावर उभा आहे.

संस्था १९९३ सालची. मानसिक आजाराने भान हरपलेली एक बाई वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोन तरुणींना चेन्नईच्या रस्त्यावर दिसली. तिला कुठे आसरा मिळेना, म्हणून पुढे त्यांनी स्वतःच बेघर स्त्रियांसाठी निवारा काढला. उपचारांनी अनेकजणी सावरल्या, आपापल्या घरी गेल्या. काहींच्या घरचा मात्र पत्ताच लागेना, काहींना घरचे घेईनात. आजार आटोक्यात आला, तरी मुक्काम संस्थेतच राहिला.

आपल्याकडे डॉ. भरत वाटवानी यांचं कर्जतचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवतं. या कामासाठी २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण ज्याच्यासाठी कुणी दार उघडत नाही, त्याने कुठे जायचं? ‘होम अगेन’ने २०१५ पासून त्याचं उत्तर शोधलं. चारचौघांच्या वस्तीत घर भाड्याने घ्यायचं आणि त्यात चार-पाच जणांनी मिळून राहायचं. कुणाबरोबर राहायचं, हे ज्याने त्याने ठरवायचं. सोबतीला एक प्रशिक्षित कार्यकर्ती असते. औषधं, दवाखाना, बँकेचं काम यांत ती गरजेपुरती मदत करते. बाजारहाट, स्वयंपाक, देवदर्शन, जमेल तो कामधंदा हे सगळं राहणाऱ्यांचं. महाराष्ट्रात रत्नागिरीतही संस्थेचं काम पोचलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या आपल्या मार्गदर्शक ग्रंथात या उपक्रमाची नोंद घेतली.

यातला सगळ्यात अवघड टप्पा औषधाचा नाही, घरमालकाचा आहे. गाव कोणतं, नोकरी कुठली, ओळख कुणाची, आधार कार्ड, डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार. घरमालकाच्या या साध्या प्रश्नांपुढे रस्त्यावरून आलेला माणूस मुका होतो. म्हणून संस्था मधे उभी राहते. भाडं वेळेवर मिळेल आणि रात्री काही झालं तर फोन उचलणारं कुणी असेल, एवढी खात्री मालकाला हवी असते. शेजाऱ्यांची भीतीही खरी असते. रोज पाणी भरताना, दळण आणताना माणूस दिसत राहिला, की त्याच्या आजाराआधी त्याचं नाव आठवू लागतं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १९ सांगतं की कुटुंब नाही, घरच्यांनी नाकारलं किंवा घरच नाही, एवढ्याच कारणाने कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. कायद्याने हक्क दिला. खोली मात्र कुणीतरी माणसानेच द्यायची आहे.

आधी छप्पर लागतं, हे आपल्या धाराशिव-लातूर भागाला वेगळं सांगायला नको. बॅनियन सुरू झालं त्याच वर्षी, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, ३० सप्टेंबरच्या पहाटे, भूकंपाने किल्लारी-सास्तूरची भिंतनभिंत कोसळली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. तेव्हा ‘आधी दुःखातून सावरा, मग घर देऊ’ असं कुणी म्हणालं नाही. आधी डोक्यावर पत्रा आला, मग घर, आणि माणसं सावरली ती त्या छपराखाली. मनाची भिंत कोसळलेल्या माणसाला मात्र आपण आधी पूर्ण बरा हो, असं सांगतो.

घर हे बरं झाल्याचं बक्षीस नव्हे, बरं होणं तिथूनच सुरू होतं. गावात कुणाची मागची खोली रिकामी असेल आणि उद्या एखादी संस्था अशा माणसांसाठी विचारायला आली, तर भाडं ठरवून घ्यावं, करार नीट वाचावा आणि किल्ली द्यावी.