राहते घर आणि म्हातारपणीच्या शुश्रूषेचे बिल

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटले की डॉक्टरांचा आठ-दहा खाटांचा खाजगी दवाखाना डोळ्यांपुढे येतो. बाळंतपण झाले, अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले, की चार दिवसांत माणूस घरी. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. ज्यांना स्वतःच्या हाताने जेवता, अंघोळ करता, उठता-बसता येत नाही, अशा वृद्धांना ठेवून घेऊन त्यांची रात्रंदिवस शुश्रूषा करणारी जागा म्हणजे तिथले नर्सिंग होम. तिथे माणूस कधी कधी वर्षानुवर्षे राहतो, आणि वर्षाचा खर्च एक लाख डॉलरांच्या वर जाणे ही आता सर्वसाधारण गोष्ट झाली आहे.

हा विषय माझ्यापुढे आला तो बँकेच्या काउंटरवर. आमच्या शाखेत दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला येणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांची मुलगी लग्न होऊन अमेरिकेत गेली. जावई आपल्या आईच्याच घरात राहणारे. विहीणबाईंना पक्षाघात झाला. मुलाने आणि सुनेने तीन वर्षे घरीच त्यांचे सगळे केले. पण पुढे ते दोघांच्याही आवाक्याबाहेर गेले. नर्सिंग होममध्ये ठेवायचे ठरले, तेव्हा मुलीचा फोन आला, “बाबा, इथे लोक म्हणतात की नंतर सरकार घर घेते. आईंचे घर आत्ताच आमच्या नावावर करून घ्यावे का?” गृहस्थांनी मला विचारले, “साहेब, तुम्ही बँकेतले. हे खरे असते का हो?”

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. मी कला शाखेचा पदवीधर, वकील नव्हे. पण प्रश्न मनातून जाईना, म्हणून वाचन केले. त्यातून जे समजले ते येथे मांडत आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली आज परदेशी आहेत, म्हणून ते उपयोगी पडेल.

खर्च कोण भरते?

अमेरिकेत १९६५ साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या कारकिर्दीत दोन योजना सुरू झाल्या. नावे सारखी असल्याने लोकांचा गोंधळ होतो.

पहिली ‘मेडिकेअर’. ही मुख्यतः ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी आहे. सर्वसाधारण नियम असा की, किमान तीन दिवस रुग्णालयात दाखल राहिल्यानंतर नर्सिंग होममधील वैद्यकीय देखभालीची गरज असेल, तर ती जास्तीत जास्त १०० दिवस मदत करते. त्यातले पहिले २० दिवस पूर्ण खर्च मिळतो. पुढच्या ८० दिवसांत रोजचा ठराविक वाटा रुग्णाला भरावा लागतो. त्यानंतर काही नाही. नुसत्या सांभाळण्याचा खर्च ही योजना देत नाही.

दुसरी ‘मेडिकेड’. ही केंद्र आणि राज्य मिळून चालवतात आणि ती कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी आहे. नर्सिंग होमचा दीर्घकाळचा खर्च सरकारकडून मिळतो तो प्रामुख्याने हिच्यातून. मात्र त्यासाठी माणसाजवळची शिल्लक जवळजवळ संपलेली असावी लागते. अनेक राज्यांत एकट्या व्यक्तीला फक्त २,००० डॉलर ठेवता येतात. म्हणजे आयुष्यभर कष्ट करून जमवलेली पुंजी आधी नर्सिंग होमला द्यायची, आणि हात रिकामे झाले की सरकारकडे अर्ज करायचा.

घराचे काय होते?

येथेच लोकांची गल्लत होते. माणूस जिवंत असताना राहते घर सहसा या हिशेबात धरत नाहीत. नवरा किंवा बायको त्या घरात राहत असेल, किंवा रुग्णाचा घरी परतण्याचा इरादा असेल आणि घराची किंमत ठराविक मर्यादेत असेल, तर मदत मिळते. त्यामुळे घरच्यांना वाटते, घर वाचले.

पण १९९३ सालच्या केंद्रीय कायद्याने राज्यांवर वसुलीचे बंधन घातले. वयाच्या ५५ व्या वर्षानंतर नर्सिंग होम आणि त्यासंबंधीच्या सेवांवर मेडिकेडने जो खर्च केला असेल, तो त्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर तिच्या मालमत्तेतून राज्याने वसूल करायचा. शिल्लक तर आधीच संपलेली असते. उरते ते घर. काही परिस्थितीत राज्य जिवंतपणीच घरावर बोजा चढवू शकते, आपल्याकडे सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा चढतो तसा. माणूस बरा होऊन घरी परतला तर तो बोजा उतरतो.

हिशेब असा. घर दोन लाख डॉलरांचे आणि मेडिकेडचा खर्च ८० हजारांचा असेल, तर दावा ८० हजारांचा, बाकी वारसांचे. खर्च तीन लाखांचा झाला असेल, तर संपूर्ण घर जाते. मात्र उरलेले एक लाख वारसांनी स्वतःच्या खिशातून भरायचे नसतात. दावा मृताच्या मालमत्तेवर असतो, मुलांच्या पगारावर नाही.

या वसुलीला कायद्यानेच मर्यादा घातल्या आहेत. पती किंवा पत्नी हयात असेपर्यंत वसुली करता येत नाही. २१ वर्षांखालील मूल असेल, किंवा कोणत्याही वयाचे अंध वा अपंग अपत्य असेल, तरीही करता येत नाही. शिवाय वारसांवर फारच मोठी आपत्ती ओढवत असेल तर दावा सोडून देण्याची सोय प्रत्येक राज्याने ठेवलीच पाहिजे. त्यासाठी अर्ज मात्र वारसांनी, मुदतीत करावा लागतो.

घाईची सही

मग घर आधीच मुलांच्या नावावर का करू नये? बहुतेकांना हाच मार्ग सुचतो, आणि बहुतेकजण येथेच फसतात.

मेडिकेडचा अर्ज आला की अधिकारी मागच्या पाच वर्षांचे व्यवहार तपासतात. पूर्वी ही मुदत साधारणपणे तीन वर्षांची होती. २००६ साली अमलात आलेल्या कायद्याने ती ६० महिन्यांची झाली. या काळात घर किंवा पैसा फुकट दिलेला आढळला तर तितक्या प्रमाणात मदत रोखली जाते. समजा, सव्वादोन वर्षांपूर्वी आईने १ लाख २० हजार डॉलरांचे घर मुलाला बक्षीस दिले, आणि त्या राज्यात नर्सिंग होमचा सरासरी मासिक खर्च १० हजार धरतात. भागाकार केला की १२ आले. म्हणजे १२ महिने मदत बंद.

हे १२ महिने बक्षीस दिल्या दिवसापासून मोजले जात नाहीत. आई नर्सिंग होममध्ये दाखल झाली, पैसा संपला, अन्यथा ती मदतीस पात्र ठरली असती, त्या दिवसापासून ते सुरू होतात. हातात पैसा नाही, घर नावावर नाही, आणि सरकारची मदतही नाही, अशी अवस्था ऐन गरजेच्या वेळी येते. शिवाय नावावर करून दिलेले घर मुलाच्या कर्जात किंवा घटस्फोटात अडकू शकते. पुढे मुलाने ते विकले तर वारसाहक्काने मिळालेल्या घरापेक्षा कर जास्त बसण्याचाही संभव असतो.

कायद्यातील सरळ वाटा

१) घर पती किंवा पत्नीच्या नावावर केल्यास दंड नाही. २१ वर्षांखालील, अंध किंवा अपंग अपत्याच्या नावावर केल्यासही नाही.

२) घरात हिस्सा असलेला आणि किमान एक वर्ष तेथे राहिलेला सख्खा भाऊ किंवा बहीण असेल तर तिच्या किंवा त्याच्या नावावर करता येते.

३) नर्सिंग होममध्ये दाखल होण्यापूर्वीची सलग दोन वर्षे जो मुलगा किंवा मुलगी त्याच घरात राहिली, आणि जिच्या सेवेमुळे आई-वडिलांना तोवर घरी राहता आले, त्या अपत्याला घर देता येते. कायद्यात शब्द ‘मुलगा किंवा मुलगी’ असा आहे. सुनेचा उल्लेख नाही.

४) प्रकृती धडधाकट असतानाच, पाच वर्षांहून आधी, रद्द न करता येणारा ट्रस्ट करून घर त्यात ठेवता येते. केव्हाही रद्द करता येणारा ट्रस्ट येथे कामाला येत नाही.

५) दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा तरुणपणी घेता येतो, म्हातारपणी तो परवडत नाही, किंवा मिळतच नाही.

प्रत्येक राज्याचे नियम निराळे असल्याने वृद्धांच्या प्रश्नांचा अभ्यास असलेल्या स्थानिक वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय कागदावर सही करू नये.

कोणी म्हणेल, जनतेच्या कराचा पैसा खर्च झाला, तो परत घेतला तर बिघडले कुठे? प्रश्न रास्त आहे. पण श्रीमंत माणूस वकील लावून दहा वर्षे आधी व्यवस्था करतो. ज्याच्या घराण्यात पहिल्यांदाच कोणी चार भिंती उभारल्या, त्याला हा नियम कळतो तो आईच्या मृत्यूनंतर नोटीस आल्यावर. अमेरिकन संसदेला मेडिकेडबाबत सल्ला देणाऱ्या आयोगानेही ही वसुली राज्यांवर सक्तीची नसावी अशी शिफारस २०२१ साली केली. तो बदल अद्याप झालेला नाही.

आपल्याकडे सरकार असा खर्च करीत नाही, म्हणून असा दावाही लावीत नाही. आई-वडिलांच्या पोषणाची जबाबदारी कायद्याने मुलगा आणि मुलगी दोघांवर आहे. पण घाईने बक्षीसपत्र करून देण्याची चूक येथेही रोज होते. २००७ सालच्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, मुलांनी सांभाळले नाही तर न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येते. त्यासाठी ती अट कागदावर स्पष्ट लिहिलेली असावी. विद्यार्थी मित्रांनी एवढे तरी घरी जाऊन वडीलधाऱ्यांना सांगावे.

त्या गृहस्थांना मी हे सर्व एका कागदावर लिहून दिले. मुलीने सासूबाईंची सही घेतली नाही. आधी वकिलाकडे गेली. वकिलांनी जावयांच्या त्या घरातील वास्तव्याचे पुरावे आणि डॉक्टरांचा दाखला मागितला. तीन वर्षे औषधांच्या वेळा आणि दवाखान्याच्या तारखा मुलीने एका वहीत टिपून ठेवल्या होत्या. कोणत्या रात्री कोण जागले तेही. तिच्या नावाने कायदा काही देत नव्हता. पण नवऱ्याने आईची काय सेवा केली, ते सांगायला तिचीच वही पुढे आली.