काष्ठपट्टीचा स्वर

वीणेच्या तारेंतून स्वर निघतो याचें आपणांस फारसें नवल वाटत नाहीं. परंतु कोरड्या लांकडाची आखूड पट्टी मोगरीनें ठोकतांच तिच्यांतून मधुर नाद उमटावा, हें मात्र विचार करण्याजोगें आहे. आपल्याकडील काष्ठतरंग आणि पाश्चात्यांचीं झायलोफोन व मारिंबा हीं वाद्यें याच जातीचीं होत. त्यांच्या नादाचें मर्म येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सारख्या जाडीची ३० सेंटिमीटर लांब सागवानी पट्टी घेऊन तिचीं दोन्ही टोकें कापडाच्या घड्यांवर टेकवावीं आणि ती मध्यभागीं ठोकावी. केवळ ‘ठक्’ असा बद्द आवाज होईल. आतां त्या घड्या टोकांपासून पावणेसात सेंटिमीटर आंत सरकवून पुन्हां ठोकावी. स्वर मोकळा होईल. याचें कारण असें कीं, आघातानें पट्टी धनुष्याप्रमाणें लवते. मध्य खालीं जातो तेव्हां टोकें वर येतात, आणि त्यांच्या दरम्यान दोन स्थानें जागचीं हालत नाहींत. तेथें आधार दिला म्हणजे कंपनास अडथळा होत नाहीं. मारिंब्याच्या पट्ट्यांस दोरी ओवण्याचीं भोकें याच स्थानीं पाडतात.

तथापि एवढ्यानें पट्टी सुरेल होत नाहीं. तारेच्या मूळ स्वराबरोबर उमटणारे उपस्वर दुप्पट, तिप्पट अशा कंपसंख्येचे असल्यामुळें त्याच्याशीं जुळतात. सपाट पट्टीचा पहिला उपस्वर मात्र सुमारें २.७६ पट असतो. मूळ स्वरास षड्ज मानिलें, तर हा तार सप्तकांतील शुद्ध व तीव्र मध्यमांच्या मध्यें पडतो आणि कानास खटकतो. म्हणून कारागीर पट्टीचा पोटाकडील मधला भाग कमानीसारखा तासतो. तासतां तासतां मूळ स्वर बराच उतरतो, उपस्वर त्या मानानें कमी उतरतो, आणि मारिंब्यांत तो बरोबर चौपट, म्हणजे दोन सप्तकें वरचा षड्ज होतो. झायलोफोनांत तो बहुधा तिप्पट, म्हणजे तार पंचम ठेवितात. मात्र अधिक तासलेलें लांकूड परत बसवितां येत नाहीं. मग टोकांकडून थोडें काढून स्वर चढवावा लागतो.

पट्टीखालीं तळ बंद असलेली नळी टांगलेली असते. दर सेकंदास ४४० कंपनांच्या स्वरास ती सुमारें १९ सेंटिमीटर लांब लागते. तींतील हवा पट्टीबरोबर कंप पावूं लागते व नाद मोठा होतो. परंतु शक्ति एकाच आघाताची असल्यामुळें तो लौकर विरतोहि.

आमच्या विद्यार्थिमित्रांनीं वरील प्रयोग सुटींत घरीं अवश्य करून पाहावा, आणि पालकांनीं त्या ठोकाठोकीस थोडा वेळ क्षमा करावी, अशी आमची विनंति आहे.