सामाईक संगणक-समूहावरील कंटेनर : निर्मिती आणि व्यवस्था

प्रबंधातील एखादा आकडा ज्या आज्ञावलीने काढला, तीच आज्ञावली चार वर्षांनी पुन्हा चालविली असता निराळे उत्तर देते, हा अनुभव गणनाधिष्ठित विषयांच्या अभ्यासकांस नवा नाही. आज्ञावली तीच असते. तिच्या आधारास असलेल्या लायब्रऱ्या व कंपायलर मध्यंतरी बदललेले असतात. हा सारा परिवार आज्ञावलीबरोबरच बांधून ठेवावा, या विचारास कंटेनर या योजनेने मूर्त रूप दिले. लिनक्स प्रणालीच्या दृष्टीने कंटेनर ही एक सामान्य प्रक्रियाच होय. तिला दिसणारे फाइलींचे जग तेवढे वेगळे असते. कर्नल मात्र यजमान संगणकाचाच राहतो.

२०१३ साली आलेल्या ‘डॉकर’ने ही योजना सर्वतोमुखी केली. परंतु डॉकरच्या रूढ मांडणीत कंटेनर निर्माण करणारा पार्श्ववर्ती सेवक रूट अधिकाराने चालतो, आणि त्यास आज्ञा देण्याची मुभा ज्यास मिळाली त्याच्या हाती जवळजवळ सारा संगणकच येतो. शेकडो जणांच्या फाइली जेथे एकत्र नांदतात, तेथे कोणता व्यवस्थापक ही मुभा देईल? अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेत ग्रेगरी कुर्ट्झर यांनी आरंभिलेली व २०१६ मध्ये प्रथम प्रसृत झालेली ‘सिंग्युलॅरिटी’ ही या अडचणीवरील तोड होय. २०२१ मध्ये ती लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयास गेली व ‘ॲप्टेनर’ या नावाने ओळखली जाऊ लागली. येथे सेवक नाही; कंटेनर वापरणाऱ्याच्याच अधिकाराने चालतो.

‘ॲप्टेनर बिल्ड’ या आज्ञेस तयार व्हावयाच्या प्रतिमेचे नाव व एक कृतिपत्रिका द्यावी लागते. मूळ प्रतिमा कोणती घ्यावी आणि तीवर काय चढवावे, हे कृतिपत्रिका सांगते. फलस्वरूप मिळते ती ‘सिफ’ जातीची एकच फाइल. मूळ प्रतिमा ‘लेटेस्ट’ या नावाने कधीही मागू नये. हे नाव आज एका प्रतिमेस, तर पुढील महिन्यात दुसरीस चिकटलेले असू शकते. तिचा शा-२५६ ठसाच नमूद करावा.

प्रत्यक्ष कामासाठी ‘ॲप्टेनर एक्झेक’ ही आज्ञा स्लर्मच्या ‘एसबॅच’ला द्यावयाच्या आज्ञापत्रात लिहावी. कंटेनर त्या कामाचेच अपत्य असल्याने कामास नेमून दिलेली स्मृतीची मर्यादा त्यासही लागू होते, व ‘एसकॅन्सल’ म्हणताच तोही संपतो. निराळी व्यवस्था ठेवावी लागत नाही.

खरा धोका पुढेच आहे. ॲप्टेनर आपण होऊन वापरणाऱ्याची होम डिरेक्टरी कंटेनरमध्ये जोडतो. सोय मोठी, परंतु पायथनच्या लायब्रऱ्या पूर्वी कधी ‘पिप’ने होममध्ये बसविल्या असतील आणि पायथनची आवृत्ती जुळत असेल, तर कंटेनरमधील लायब्रऱ्यांआधी त्याच उचलल्या जातात. म्हणजे प्रतिमा जपून ठेवलेली, आणि गणित केले भलत्याच नमपायने! कोठेही दोष दाखविला जात नाही. असा आकडा छापून गेल्यावर त्याचे मूळ शोधणे दुष्कर होय.

यावर ‘कन्टेनऑल’ हा विकल्प आहे. त्याने खरी होम डिरेक्टरी तुटते आणि बाहेरील पर्यावरण-चलेही आत येत नाहीत. तथापि आता जे होम दिसते ते स्मृतीतील तात्पुरते होय. तेथे लिहिलेली उत्तरे काम संपताच नष्ट होतात. रात्रभराचे गणन असे वाया जाणे सहज शक्य आहे. म्हणून उत्तरांची डिरेक्टरी ‘बाइंड’ विकल्पाने स्पष्ट जोडावी. आमच्या मते विद्यार्थ्याने ही जोडी पहिल्याच दिवशी अंगवळणी पाडून घ्यावी.

जीपीयूवर काम असल्यास ‘एनव्ही’ विकल्प यजमानाचे एनव्हिडिया ड्रायव्हर आत आणतो. ते प्रतिमेत गोठविता येत नाहीत, हे ध्यानात ठेवून ड्रायव्हरची आवृत्ती प्रबंधाच्या परिशिष्टात प्रतिमेच्या ठशाशेजारी नोंदवावी.