माघस्नान आणि विहिरीचे पाणी



आपल्या चिखली भागात थंडीच्या दिवसांत पहाटे गार पाण्याने आंघोळ करण्याची चाल बऱ्याच घरांतून चालत आली आहे. कुणी कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत कार्तिकस्नान करतो, कुणी पौष पौर्णिमेपासून माघ पौर्णिमेपर्यंत माघस्नान. २०२५ साली माघस्नानाचे दिवस १३ जानेवारी ते १२ फेब्रुवारी असे आले होते. आजोबा करीत होते म्हणून बाप करतो, आणि बापामागे नातू कुडकुडत उभा राहतो. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. आम्ही येथे पाण्याचे आणि शरीराचे तेवढे सांगतो, कारण हे दिवस नेमके ऊसतोडीच्या गर्दीचे अन् रात्रीच्या ओलिताचे असतात.

आधी पाण्याचे. पहाटे विहिरीतून वाफा निघताना आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. जमिनीखाली काही हात खोल गेले की उन्हाळा-हिवाळ्याचा फरक पोचत नाही; तिथले पाणी वर्षाच्या सरासरी तपमानाच्या जवळ, आपल्याकडे साधारण २५ अंशांच्या आसपास राहते. बाहेर हवा १०-१२ अंशांवर उतरली की तेच पाणी हाताला कोमट लागते. लोणारच्या धारेचे पाणीही असेच जमिनीच्या पोटातून येते. म्हणून जुनी माणसे विहिरीवर जाऊन ताजे शेंदलेले पाणी अंगावर घेत, ते शहाणपणाचेच होते. रात्रभर उघड्या टाकीत किंवा हौदात राहिलेले पाणी मात्र हवेबरोबर निवते. नदी-तलावाचेही तेच. नाव गार पाण्याचे एकच, पण दोहोंत दहा-दहा अंशांचा फरक पडू शकतो.

आता शरीराचे. फार गार पाणी एकदम अंगावर आले की माणूस ‘हाऽ’ करून श्वास आत ओढतो. हे आपल्या हातात नसते. मग श्वास भराभर चालतो, कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, नाडी धावते, रक्तदाब चढतो. पहिले अर्धे मिनिट सर्वांत कठीण. दोन-तीन मिनिटांत ही धाप ओसरते. विहिरीत किंवा डोहात सूर मारणाऱ्याचा तो पहिला श्वास पाण्याखाली गेला तर पट्टीचा पोहणाराही गटांगळी खातो. तरणी पोरं पैजेवर कठड्यावरून उड्या टाकतात, त्यांना घरच्यांनी हे जरूर सांगावे.

सवयीने मात्र ही धाप कमी होते. पाच-सहा वेळा थोडा थोडा वेळ गार पाण्यात गेले तरी फरक दिसतो, असे तपासणीत आढळले आहे. या दृष्टीने कार्तिकस्नान सोयीचे: कोजागिरीला हवा सौम्य असते, पुढे गारवा रोज थोडा थोडा वाढतो आणि अंग त्याच्याबरोबर तयार होते. माघस्नान ऐन कडाक्यात सुरू होते. ज्याने आधी सवय केली नाही त्याने पहिल्याच दिवशी डोक्यावर घागर ओतू नये. आधी पाय, मग हात, मग खांदे, शेवटी डोके. फिनलंडमध्ये लोक गोठलेल्या तळ्याला भोक पाडून आत उतरतात, तेही शिडीने, एकेक पायरी.

गार पाण्याने सगळे रोग पळतात, असे सांगणारे पुष्कळ. तितका पुरावा आम्हांस दिसत नाही. आंघोळीनंतर तरतरी येते, ती खरी.

जिथे अजून रात्रीची वीज येते तिथला सभासद रात्रभर उसात पाणी वळवतो. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब ओढून घेते. असा भिजून आलेला, न झोपलेला माणूस पहाटे नेम मोडू नये म्हणून पुन्हा गार पाणी घेतो, हे आम्हांला पटत नाही. त्याने अंग कोरडे करावे, कपडे बदलावे, शेकावे आणि त्या दिवशी ऊन पाणी घ्यावे. ज्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे किंवा पूर्वी छातीत दुखले आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेम धरू नये. म्हाताऱ्या माणसाला विहिरीवर एकटे पाठवू नये. आंघोळ झाल्यावरही काही वेळ अंग आतून निवतच राहते, तेव्हा टॉवेल आणि घोंगडी आधीच काठावर ठेवावी.