काळ्या गाडीवरचे जाळे कसे काढावे?
नवशिक्या पॉलिश कारागिरांसाठी काही उपयुक्त सूचना

भोसरीत पुणे-नाशिक रस्त्यालगत आणि एम.आय.डी.सी.च्या आतल्या गल्ल्यांत गाड्या धुण्याची, डेंटिंग-पेंटिंगची व पॉलिशची लहान लहान दुकाने आहेत. पूर्वी या पट्ट्यात ट्रक-टेम्पोचे काम मुख्य होते. 1998 मध्ये टेल्कोची इंडिका पिंपरीच्या कारखान्यातून बाहेर पडली, 2009 मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला, आणि मोटारगाड्या हा इथल्या मध्यमवर्गाच्या रोजच्या वापराचा भाग झाला. त्याबरोबर पॉलिशचे कामही वाढले. मात्र या कामात एक तक्रार वारंवार ऐकू येते. गिऱ्हाईक काळी किंवा गडद निळी गाडी धुऊन घेऊन जाते आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन म्हणते, "उस्ताद, उन्हात बघा, गाडीवर कोळ्याचे जाळे दिसते आहे!"

हे जाळे म्हणजे काय, ते का पडते आणि नवशिक्याने ते कसे काढावे, याची माहिती या लेखात देत आहोत.

जाळे म्हणजे काय?

गाडीच्या पत्र्यावर आधी प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लेप, म्हणजे क्लिअर कोट असतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सर्व थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतात. त्यांपैकी क्लिअर कोट 40 ते 50 मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. जाळे पडते ते या वरच्या थरावर.

हे ओरखडे खरे तर गोल नसतात. ते सर्व दिशांनी पडलेले असतात. पण दिव्याच्या किंवा सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती जे ओरखडे आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्यांना वर्तुळे दिसतात. पांढऱ्या गाडीवरही ते असतातच, पण तिथे चमक रंगात मिसळून जाते. काळा रंग प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे त्यावर प्रत्येक बारीक रेघ उठून दिसते.

दोष धुण्याच्या पद्धतीत

आपल्या भागात ग्राइंडिंगची, कास्टिंगची व फॅब्रिकेशनची कामे सतत चालतात. लोखंडाचा बारीक कीस आणि रस्त्याची धूळ रात्रभर गाडीवर बसते. सकाळी कोरड्या फडक्याने गाडी झटकली की हीच धूळ पॉलिश पेपरचे काम करते. एकाच बादलीत सबंध गाडी धुणे, चाकांचे फडके बॉनेटवर फिरवणे, जमिनीवर पडलेले फडके तसेच वापरणे, ही बाकीची कारणे. बोअरचे जड पाणी उन्हात वाळले की पांढरे डाग पडतात, आणि ते खरवडताना नवे ओरखडे पडतात ते वेगळेच.

म्हणून आधी धुण्याची रीत बदलावी, मगच मशीन हातात घ्यावे. नाहीतर आज काढलेले जाळे महिनाभरात परत येईल.

पॉलिशपूर्वीची तयारी

1) गाडी सावलीत उभी करून पत्रा थंड होऊ द्यावा. आधी नुसत्या पाण्याने धूळ उतरवावी.

2) दोन बादल्या घ्याव्यात, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवावा. छतापासून सुरुवात करून खालचा भाग शेवटी धुवावा. चाकांसाठी वेगळे फडके ठेवावे.

3) जाड मायक्रोफायबरने दाबून पाणी टिपावे, घासू नये.

4) प्लॅस्टिकची पातळ पिशवी हातात घालून पत्र्यावरून फिरवावी. खरखर लागली तर लोखंडी कीस रुतलेला आहे असे समजावे. तो क्ले बारने, भरपूर साबणपाणी मारून, हलक्या हाताने काढावा. क्ले खाली पडला तर तो फेकून द्यावा, पैशाकडे पाहू नये.

5) रबर, काळे प्लॅस्टिक आणि बॉनेट-दरवाजांच्या धारा यांवर मास्किंग टेप लावावी. धारेवर लेप सर्वांत पातळ असतो.

कोणते मशीन घ्यावे?

बाजारात दोन प्रकारची मशीन मिळतात. एकात पॅड फक्त गोल फिरतो. हे रोटरी मशीन. ते जलद काम करते, पण एका जागी थांबले की रंग भाजतो आणि लोकरीच्या पॅडने वापरल्यास स्वतःच्या वळ्या सोडते. दुसऱ्यात पॅड फिरतो आणि हलतोही. त्याला ड्युअल अ‍ॅक्शन म्हणतात. नवशिक्याने दुसरेच घ्यावे.

हे आम्ही अनुभवाने सांगतो. शिकाऊ असताना आम्ही रोटरी आणि लोकरीचा पॅड घेऊन एका काळ्या गाडीवर हात चालवला. चमक आली म्हणून खूश झालो, तोच बॉनेटच्या धारेवर प्रायमर दिसू लागला. गिऱ्हाईकाला लगेच सांगितले आणि पदरच्या पैशाने बॉनेट रंगवून दिले. त्या महिन्याची कमाई त्यात गेली, पण गिऱ्हाईक टिकले.

प्रत्यक्ष काम

प्रथम डिकीच्या झाकणावर दीड-दोन फुटांची एक चौकट निवडून चाचणी घ्यावी. सुरुवात मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिशने करावी. तेवढ्याने भागले तर कडक पॅड व कंपाऊंडकडे जाऊच नये. लेप एकदा गेला की परत येत नाही, हे ध्यानात असावे.

पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब घ्यावेत. मशीन बंद असतानाच पॅड पत्र्यावर टेकवून पॉलिश पसरवावे, मग कमी वेगावर सुरू करावे आणि नंतर मधल्या वेगावर न्यावे. सेकंदाला सुमारे एक इंच इतक्या सावकाश हात चालवावा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा यावा. एकदा आडवे, एकदा उभे, असे चार-सहा फेरे पुरतात. दाब मशीनच्या वजनापेक्षा थोडाच जास्त असावा. पॅडच्या मागच्या चकतीवर पेनने एक रेघ मारून ठेवावी; रेघ फिरताना दिसली नाही तर दाब जास्त झाला असे समजावे.

प्रत्येक चौकटीनंतर पॅड ब्रशने साफ करावा. प्लॅस्टिकच्या बंपरवर उष्णता साचते, तिथे विशेष जपावे. पॅडला गाडीचा रंग लागू लागला तर ताबडतोब थांबावे, कारण क्लिअर कोट संपल्याची ती खूण असू शकते. क्लिअर कोट नसलेल्या जुन्या गाड्यांवर मात्र पॅडला रंग लागणे साहजिक असते. मॅट रंगाच्या गाडीला मशीन लावूच नये.

पॉलिशमधील तेल काही ओरखडे तात्पुरते झाकते. म्हणून पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने चौकट पुसून, हातबत्ती तिरपी धरून तपासावी. समाधान झाले तरच पुढे जावे. नखाला अडकणारा ओरखडा मात्र पॉलिशने जात नाही. तो काढण्याच्या नादात नवशिक्याने पॉलिश पेपर हाती घेऊ नये. शेवटी वॅक्स किंवा सीलंटचा पातळ हात द्यावा.

धंद्याच्या दृष्टीने

नवशिक्याला एका गाडीला पूर्ण दिवस लागतो. त्यामुळे दर धुण्याच्या हिशोबाने न लावता तासांच्या हिशोबाने लावावा. काम घेतानाच गाडीभोवती गिऱ्हाईकाला घेऊन फिरावे, कोणते ओरखडे जातील आणि कोणते राहतील ते दाखवून पावतीवर लिहावे. कोणता भाग पूर्वी रंगवलेला आहे हेही विचारून घ्यावे. तिथला लेप किती जाड आहे याचा भरवसा नसतो.

जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या बांधवांनाही एक सांगणे आहे. ओरखडे तेलकट ग्लेझने भरून गाडी आरशासारखी करता येते, पण चार-सहा धुण्यांत जाळे पुन्हा उघडे पडते. मालाचा ऐब झाकून विकू नये, ही शिकवण आपल्या वाचकांना नवी नाही. ज्या कारागिराने "हा ओरखडा राहील" असे आधी सांगितले, त्याच्याकडेच गिऱ्हाईक दुसरी गाडीही घेऊन येते.