पांढऱ्या कापसाचा पांढरा फोटो

अकोल्यातल्या एका जुन्या स्टुडिओत, लग्नाच्या अल्बमांच्या रांगेवर, एक फोटो टांगलेला आहे. भर उन्हातली कापसाची गंजी, बस्स. पण तिच्यातला पुंजका न् पुंजका वेगळा दिसतो आणि कापूस खरोखर पांढरा आहे. वऱ्हाडात कापसाचे फोटो काढत नाही असा मोबाइलवाला विरळा. बहुतेकांचा कापूस मात्र मळकट करडा येतो, नाहीतर जास्तीच्या उजेडात पार उडून जातो. त्यामुळे हा फोटो काढणारे काका शिकाऊ पोरापोरींना घेऊन जिनिंगवर निघालेत म्हटल्यावर त्यांच्यामागे जाणं भागच होतं.

जानेवारीतली दुपार. आवारात सरकीचा तेलकट, उबट वास भरलेला. तो कपड्यांत शिरतो आणि घरी पोचेपर्यंत सोबत राहतो. अमरावतीहून आलेल्या दोघांच्या गळ्यात महागडे कॅमेरे, एका पोरीकडे वडिलांचा जुना. पहिली काही मिनिटं लेन्सच्या किमतींवर गेली. मग सगळ्यांनी एकदम गंजीवर कॅमेरे रोखले आणि सगळ्यांच्या स्क्रीनवर एकदम करडा कापूस उमटला.

‘‘कॅमेऱ्याले कापूस काय मालूम?’’ काका म्हणाले. ‘‘त्याले सारं जग 18 टक्के पाहिजे.’’

कॅमेऱ्यातला मीटर समोरून परत येणारा उजेड मोजतो. समोर जे काही आहे ते मध्यम करडं, म्हणजे पडलेल्या उजेडातला साधारण 18 टक्के परतवणारं, असं तो धरून चालतो. कापूस त्याच्या कितीतरी पट उजेड फेकतो. मीटर बिचकतो, एक्स्पोजर कमी करतो आणि पांढरं सोनं मळतं. काळ्या मातीचं नेमकं उलट होतं: मीटर तिला उजळवत नेऊन करडी करून ठेवतो. वऱ्हाडाचे हे दोन्ही रंग असे एकाच करड्यात जमा होतात. उपाय सोपा आहे. कापसाला एक्स्पोजर एक ते दोन स्टॉप वाढवायचं, मातीला कमी करायचं आणि पांढऱ्यातले बारकावे शाबूत आहेत ना, हे हिस्टोग्रामवर बघायचं. रीळच्या जमान्यात काका मीटरशिवायच काम करत. लख्ख ऊन असलं की एफ 16 आणि फिल्मचा वेग 100 असेल तर शटर साधारण सेकंदाचा 100वा भाग. पोरांनी ‘18 टक्के’चा पाढाच लावला.

खरा पेच पुढे होता. गंजीजवळ कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, निवडत बसलेल्या मावशींना पोरांनी घेरलं. चेहरा सांभाळावा तर मागचा कापूस उडे. कापूस सांभाळावा तर चेहरा काळवंडे. कुणी गंजीसकट ट्रॅक्टर, शेड आणि टिनावरचं कबूतरही चौकटीत कोंबलं. मावशींनी थोडा वेळ सोसलं. मग म्हणाल्या, ‘‘माहा फोटो काढता का कापसाचा? एक काय ते ठरवा ना बाप्पा!’’

काका मनापासून हसले. चौकटीतून काय वगळायचं, हा धडा त्यांना वेगळा द्यावाच लागला नाही. त्यांनी मावशींना शेडच्या सावलीत, उन्हातल्या गंजीकडे तोंड करून बसायची विनंती केली. पाठीमागे शेडमधला काळोख. गंजीवरून परतलेला मऊ उजेड थेट चेहऱ्यावर आला: कपाळावरची आठी, नाकातली चमकी, पदराला चिकटलेले तंतू, सगळं स्वच्छ. हजारो रुपयांचा सॉफ्टबॉक्स देतो तसला उजेड आवारात फुकट पडला होता. ती गंजी चौकटीत कुठेच नव्हती. सगळ्यांत चांगला फोटो वडिलांच्या कॅमेऱ्यातून निघाला. मावशींनी तो निरखून पाहिला आणि ‘बरा हाय’ म्हणून पुन्हा कवडी निवडायला घेतली.

या चेहऱ्याचा सावळा रंग आहे तसाच राहिला, हेही महत्त्वाचं. लग्नाच्या कामात ‘पोरगी गोरी दिसली पाहिजे’ ही मागणी ठरलेली असते आणि एका बटणासरशी ती पुरीही होते. काकांच्या वर्गात ते बटण बंद. रंगाशी इमान राखायचं, मग तो कापसाचा असो की कातडीचा, हा त्यांचा आग्रह पटतोच.

पुढचा पाठ बाळापूरला, मिर्झाराजे जयसिंहांच्या छत्रीत. बाहेर नदीकाठचं रखरखीत ऊन, आत दगडी कमानींखालची गडद सावली. एकाच चौकटीत दोन्ही पकडायचं. लेन्स एकच आणि माणशी फोटो 10. अमरावतीच्या एकाने ड्रोनचं विचारून घेतलंय. काकांनी त्याला आधी कमानीखाली बसून सावली कशी सरकते ते बघायला सांगितलंय.